चढावरचं घर

गाडी शिकवताना त्या इतक्या वेळा ‘क्लच, क्लच!’ म्हणून ओरडत, की त्यांचं नावच क्लचताई पडलं. खरं नाव लायसन्सवर होतं आणि नवऱ्याच्या तोंडी होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या क्लचताईच. भाजी घेताना एखादा सुटाबुटातला साहेब मध्येच थांबायचा आणि कौतुकाने बायकोला सांगायचा, “यांनी मला रिव्हर्स शिकवला.” ताईंना त्याचा चेहरा आठवायचा नाही, पण त्याने गाडी कुठल्या खांबाला घासली होती, ते मात्र बरोबर आठवायचं.

तर या क्लचताईंच्या डोक्यात, पंचेचाळिशी उलटल्यावर, घर घ्यायचा किडा वळवळायला लागला. राहायला नव्हे. राहायला नवऱ्याच्या वडिलांनी बांधलेलं घर होतं, त्यात सासूबाई, नवरा आणि त्या ऐसपैस मावत होते. त्यांना घर हवं होतं भाड्याने द्यायला. आणि त्याचं कारण होतं उजवा गुडघा. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. दुसऱ्यांच्या चुकांवर वर्षानुवर्षं तो ब्रेक दाबून दाबून ताईंचा गुडघा आता सकाळी उठताना कुरकुर करत होता.

“उद्या या गुडघ्याने राजीनामा दिला, तर घरात दुसरं कुणीतरी कमावतं हवं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “घर कसं, बसल्या जागी कमावतं. त्याला गुडघेच नसतात.”

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. फ्रेमचा बारीक स्क्रू श्वास रोखून पिळायचा, आणि संसारातही तसाच श्वास रोखून वागायचा. “अगं, पण त्याला छप्पर असतं, नळ असतात, भाडेकरू असतात,” तो म्हणाला. “त्यापेक्षा गुडघा बरा.”

सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. त्यांनी आवाज कमी केला.

ताईंनी सुरुवात सगळे करतात तशीच केली, म्हणजे चुकीची केली. गावाबाहेर नव्या इमारतीची जाहिरात पाहिली आणि एका एजंटाबरोबर नमुन्याचा फ्लॅट बघायला गेल्या. आत काचेचं टेबल, टेबलावर प्लास्टिकची फळं, पडद्यामागे मंद संगीत. एजंट गोड बोलणारा. “मॅडम, आज टोकन दिलंत तर हा भाव. उद्याचं मी सांगू शकत नाही.” ताईंनी हुरळून जाऊन टोकन दिलं.

पुढच्याच आठवड्यात एका शिकाऊ मुलीला घेऊन त्या मुद्दाम त्या बाजूच्या रस्त्याला गेल्या. कामाचा दिवस, कामाची वेळ, आणि इमारतीवर एक माणूस हलत नव्हता. सिमेंटच्या पोत्यांवर गवत उगवलं होतं. शेजारच्या टपरीवाल्याने चहा ओतता ओतता सांगितलं, “काम कधीपासून बंदच आहे हो. तो नमुन्याचा फ्लॅट तेवढा रोज पुसतात.”

टोकन बुडालं ते बुडालंच. नवरा ‘मी सांगत होतो’ असं म्हणाला नाही, पण दोन दिवस ते वाक्य त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. ताईंनी ते पैसे स्वतःच्या शिकवणीच्या फीमध्ये धरले. “मी लोकांकडून घेते, यांनी माझ्याकडून घेतली,” म्हणाल्या, आणि जेवायला बसल्या.

त्यानंतर त्यांनी जाहिराती बघणं सोडलं आणि रस्ते बघायला लागल्या. खरं तर गावातले रस्ते त्यांच्याइतक्या सावकाश कुणीच बघत नव्हतं. शिकाऊ माणूस गाडी चालवतो तेव्हा शेजारून सायकलीसुद्धा पुढे निघून जातात. कुठल्या घराच्या खिडक्या बंद आहेत, कुठे रंग उडालाय, कुठे कुलपाला गंज चढलाय, हे सगळं ताईंच्या डोळ्यांखालून रोज जायचं. आता त्या ते लक्षपूर्वक बघू लागल्या. आणि गाडीत बसणाऱ्यांचं बोलणं तर त्यांच्या कानांवर आपसूकच पडायचं. भीती जावी म्हणून त्या शिकणाऱ्याला बोलतं ठेवायच्या. टेकडीवरच्या हॉस्पिटलमधल्या दोन-तीन नर्स तेव्हा त्यांच्याकडे शिकत होत्या, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच. “ताई, जवळपास खोलीच मिळत नाही हो. ड्युटी संपवून घरी पोचेपर्यंत परत ड्युटीची वेळ होते.”

हॉस्पिटलकडे जाणारा रस्ता म्हणजे एक खडा चढ. चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुढे काढायची, हा धडा ताई तिथेच द्यायच्या. चढाच्या मधोमध एक दुमजली घर होतं. खाली माणसाची वस्ती, वरचा मजला कायम बंद. आणि गाड्या हमखास त्याच घराच्या फाटकासमोर बंद पडायच्या.

त्या घरात एक म्हातारे ट्रम्पेटवाले राहायचे. उभी हयात बँडमध्ये गेलेली, बँड चालवायचेही तेच, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. सुरुवातीला ते फाटकात येऊन खेकसायचे.

“दुसरा चढ नाही का गावात?”

“आहे ना मास्तर. पण तिथे कुत्री आहेत,” ताई काच खाली करून म्हणायच्या.

“आणि इथे मी आहे, त्याचं काही नाही?”

पण हळूहळू मास्तरांना त्या तमाशाची गोडी लागली. संध्याकाळी खुर्ची टाकून ते फाटकाशी बसू लागले. गाडी मागे घसरली की ओठांनीच उतरत जाणारा सूर काढायचे, आणि गाडी झोकात वर गेली की खणखणीत चढता. शिकाऊ पोरं मास्तरांच्या चढत्या सुरासाठी जीव तोडून क्लच सांभाळायची. धडा संपला की ताई पाच मिनिटं फाटकाशी थांबायच्या. मग पाचाची पंधरा झाली. मग चहा आला.

चहावर कळलं की मास्तरांना घर विकायचंय, पण विकवत नाहीये. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी परगावी. वरचा मजला झाडण्याचंही त्राण नाही. एजंट येत होते, पण सगळे घर पाडायच्याच गोष्टी करायचे आणि मातीच्या भावात मागायचे.

“आणि समजा चांगला भाव आला,” मास्तर म्हणाले, “तरी एवढा पैसा घेऊन मी करू काय? मुलगी म्हणते बँकेत ठेवा. जावई म्हणतो माझ्या धंद्यात घाला. जावयाचा हा चौथा धंदा आहे. मला आपलं दर महिन्याला पगारासारखं काहीतरी हवं. बँडमध्ये सगळं मिळालं बाई, टाळ्या मिळाल्या, मानपान मिळाला, पण महिन्याच्या महिन्याला पगार कधी मिळाला नाही.”

ताईंच्या हातातला कप तसाच राहिला. आधी त्या बँकेत गेल्या.

कर्ज विभागातला साहेब समोर बसला होता. त्याने कागद चाळले आणि ओठ बाहेर काढले. “मॅडम, तुमचं उत्पन्न दिसत नाहीये.”

“दिसत नाही? अहो, मी रोज रस्त्यावरच असते.”

“तसं नाही. फी रोख घेता. कागदावर जेवढं आहे, त्यावर एवढं कर्ज बसत नाही. शिवाय घर जुनं. जुन्या घरावर आम्ही हात आखडता घेतो.” साहेब माणूस वाईट नव्हता. जाता जाता म्हणाला, “इथून पुढे सगळी फी खात्यात घ्या आणि पुरते कर भरा. दोन वर्षांनी या, तेव्हा वेगळं बोलू.”

ताईंनी त्या दिवसापासून फी खात्यात घ्यायला सुरुवात केली, पण दोन वर्षं थांबायची त्यांची तयारी नव्हती. त्या तडक मास्तरांकडे गेल्या आणि पायरीवर बसून सरळ बोलल्या. “मास्तर, बँक मला पैसे देत नाही. तुम्हाला पैसे एकदम नको आहेत. मग मी तुम्हाला सुरुवातीला एक चांगली रक्कम देते, आणि बाकीची दर महिन्याला, थोड्या व्याजासकट. पगार समजा. घर माझ्या नावावर होईल, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत तुमच्याकडे तारण राहील. मी हप्ते चुकवले तर घर तुमचं. तुम्हाला हवं तोवर तुम्ही खालीच राहा.”

मास्तरांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, “आणि मी मधेच गेलो तर?”

“तर हप्ते मुलीला. जावयाला नाही.”

मास्तर असे काही हसले की त्यांना ठसका लागला. “वकिलाकडून लिहून आण,” पाणी पिऊन ते म्हणाले.

आता प्रश्न होता सुरुवातीच्या रकमेचा. ताईंची शिल्लक होती, पण ती निम्म्यावरच संपत होती. घरी जेवताना त्यांनी सगळं मांडलं. घराची डागडुजी किती लागेल ते मिस्त्रीला नेऊन विचारलं होतं. वरच्या तीन खोल्यांना किती भाडं येईल ते नर्सकडून काढून घेतलं होतं. वरच्या भाड्यात मास्तरांचा हप्ता जेमतेम निघत होता. नवऱ्याने सगळं ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं, आणि म्हणाला, “हिशेब चुकीचा नाही. भीती वाटते, एवढंच.”

“मलाही वाटते,” ताई म्हणाल्या.

तेव्हा सासूबाईंनी टीव्ही चक्क बंद केला. “माझी ठेव आहे बँकेत. नुसती झोपलीये. ती घे.”

“आई, अहो ती तुमच्या म्हातारपणासाठी...”

“म्हातारपण अजून कधी यायचं राहिलंय? आणि फुकट नाही देत. बँकेपेक्षा एक टक्का जास्त व्याज घेणार. सून असलीस म्हणून सूट नाही. आणि लिहून देशील.”

नवरा आईकडे बघतच राहिला. सगळा जन्म ज्या बाईने दूधवाल्याशीसुद्धा स्वतःच्या नवऱ्याला विचारून बोलणं केलं, ती आता व्याजाचा दर ठरवत होती. ताईंनी वाकून सासूबाईंचे गाल धरले. “चल, चल, लाडात येऊ नकोस,” सासूबाई म्हणाल्या, पण गाल सोडवून घेतले नाहीत.

वकीलबाईंनी कागद तपासले आणि तिथे गाडी अडली. घर मास्तरांच्या वडिलांचं. त्यावर मास्तरांइतकंच त्यांच्या धाकट्या बहिणीचंही नाव होतं. तिच्या सहीशिवाय घर विकताच येत नव्हतं.

“मग सही घेऊ या की,” ताई म्हणाल्या.

मास्तरांनी मान फिरवली. “ती माझ्याशी बोलत नाही.”

“कधीपासून?”

“तिच्या लग्नापासून.”

खोदून खोदून विचारल्यावर बाहेर आलं ते असं. बहिणीच्या लग्नाच्या दिवशीच मास्तरांना एका मोठ्या घरच्या लग्नाची सुपारी आली. सकाळी तिथे वाजवून दुपारी बहिणीच्या लग्नाला पोचू, असा त्यांचा बेत. मोठ्या घरचं लग्न लांबलं. मास्तर पोचले तेव्हा बहीण सासरी निघून गेली होती. तिच्या लग्नात भाड्याचा बँड वाजला आणि सख्खा भाऊ दुसऱ्याच्या मांडवात वाजवत होता. तेव्हा जी ती तोंड फिरवून गेली, ती आता साठी ओलांडून बसली होती.

ताईंनी रविवारी मास्तरांना गाडीत घातलं आणि बहिणीच्या गावी नेलं. वाटेत मास्तर माफीचं भाषण घोकत होते. दार उघडलं तर समोर ठेंगणी, ताठ मानेची बाई. मास्तरांनी सुरुवात केली, “हे बघ, त्या दिवशी माझ्याकडून...”

“आत ये. चहा गार होतोय,” बहीण म्हणाली. एवढ्या वर्षांचं भांडण, आणि चहा आधीच करून ठेवलेला! ताईंनी फोनवर येत असल्याचं कळवलं होतं खरं, पण कपात साखर किती घालायची ते तर कळवलं नव्हतं. मास्तरांना लागायची तेवढी, तीन चमचे, बरोबर पडली होती.

ताईंनी सहीचं सांगितलं. सुरुवातीच्या रकमेतून तिच्या वाट्याला येणारे पैसेही सांगितले. बहिणीने ते नीट ऐकून घेतलं, आणि मग खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर कापडाखाली झाकलेली एक गाडी उभी होती.

“यांची आहे. हे जाऊन वर्ष झालं. आयुष्यभर मी शेजारच्या सीटवर बसले. कधी हात लावू दिला नाही. म्हणायचे, तुला नाही जमायचं. मुलगा म्हणतो विकून टाक.” ती ताईंकडे वळली. “तुम्ही गाडी शिकवता ना? मग मला शिकवा. लायसन्स मिळालं की सही देते.”

“दादा,” मास्तरांना ती एवढंच म्हणाली, “वरची माझी खोली अजून उघडते का?”

आणि अशा रीतीने ती शिकायला माहेरी येऊन राहिली. वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडल्या. दिवसभर भावाबहिणीची जुंपलेली असायची. चहात आलं किती, दार कोणी उघडं टाकलं, आई कोणाची जास्त लाडकी होती, एकेका विषयावर चढाओढ. आणि संध्याकाळी बहीण गाडीत, मास्तर खुर्चीत.

शिकवणं सोपं नव्हतं. या बहीणबाईंना गिअर म्हणजे लोणच्याची बरणी वाटायची, दोन्ही हातांनी फिरवायच्या. आरसा केस नीट करायला आहे, असा त्यांचा पक्का समज होता. ताईंच्या गुडघ्याने त्या दिवसांत जेवढा ब्रेक दाबला तेवढा वर्षभरात दाबला नसेल. चढावर गाडी मागे आली की फाटकातून मास्तरांचा उतरता सूर यायचा, आणि बाई काच खाली करून ओरडायच्या, “तू गप्प बस! माझ्या लग्नात नाही वाजवलंस, आता कशाला वाजवतोस?” त्यावर मास्तर गुपचूप आत गेले, अस्सल ट्रम्पेट घेऊन आले आणि पुढच्या वेळी गाडी वर चढली तेव्हा त्यांनी असा काही सूर लावला की हॉस्पिटलच्या खिडक्यांतून लोक डोकावले. बाईंनी गाडी बाजूला थांबवली, हँडब्रेक न विसरता ओढला, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडल्या. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाल्या, “वरचा सा बसला नाही त्याचा.”

पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. परीक्षकाने डावीकडे वळा म्हटलं, तर त्यांनी “का?” असं विचारलं. दुसऱ्या खेपेला न विचारता वळल्या आणि पास झाल्या.

सह्यांच्या दिवशी नोंदणी कार्यालयात सगळे जमले. वकीलबाईंनी पान न् पान समजावून सांगितलं. मास्तरांनी सही केली, बहिणीने केली, ताईंनी केली. ताईंनी पेन असं करकचून धरलं की त्यांना स्वतःचाच शिकाऊ विद्यार्थी आठवला. नवरा मागे उभा होता. त्याने हळूच खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “क्लच हळू सोड.” लग्न झाल्यापासून त्याने केलेला हा पहिला विनोद असावा. ताई आजही तो सगळ्यांना सांगतात.

त्यानंतर एक अडचण आली, पण ती गोड होती. मास्तरांनी खाली राहायचं ठरलं होतं. सह्यांनंतर आपल्या गावी परतलेली बहीण आठच दिवसांत स्वतः गाडी चालवत आली आणि म्हणाली, “चल माझ्याकडे. मोठं घर आहे, मी एकटी आहे, आणि भांडायला कुणी नाही.” मास्तरांनी दोन पेट्या आणि ट्रम्पेट घेतलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. चढ उतरताना त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, असं पाहणारे सांगतात.

म्हणजे ताईंचा खालचा मजलाही रिकामा झाला. वरच्या खोल्यांत नर्सबायका मिस्त्रीचा रंग वाळायची वाट न बघता राहायला आल्या होत्या. खालच्या मजल्याला मात्र भाडेकरू मिळेना. त्यातच पाण्याचा पंप जळला, स्वयंपाकघरातला नळ फुटला, आणि पहिल्या महिन्याचं भाडं आलं तसंच प्लंबरच्या हातात गेलं. मास्तरांचा हप्ता ताईंनी फीमधून भरला. त्या महिन्यात घरात सगळं जपून झालं. सासूबाईंनी व्याज मात्र तारखेला मागून घेतलं.

शेवटी भाडेकरू नवऱ्याने आणला. दुकानात चष्म्याचा नंबर तपासायला आलेली एक शिक्षिका घर शोधत होती. तिचा नवरा परगावी नोकरीला, घरात दोन मुलं आणि एक म्हातारा सासरा. चष्म्याची काच बसवता बसवता एरवी अवाक्षर न काढणाऱ्या या गृहस्थाने तिला घराची अशी वर्णनं केली की ती चष्मा न घेताच घर बघायला आली. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येतं, फाटकाशी खुर्ची टाकायला जागा आहे, शेजार शांत आहे, फक्त संध्याकाळी थोड्या गाड्या बंद पडतात. तिला घर आवडलं. म्हाताऱ्या सासऱ्याला तर फाटकाशी बसायची जागाच एवढी आवडली की तो आतल्या खोल्या बघायला गेलाच नाही.

तेव्हापासून दोन्ही मजल्यांच्या भाड्यातून मास्तरांचा हप्ता जाऊन, सासूबाईंचं व्याज जाऊन, डागडुजीचं बाजूला टाकून, हातात थोडं उरायला लागलं. फार नाही. पण ताईंनी त्यातून पहिलं काम केलं ते आठवड्यातले दोन दिवस शिकवणी बंद ठेवण्याचं. सकाळी उठून त्या पाय लांब करून बसतात आणि चहा पितात. नवरा शेजारी पेपर वाचत असतो. अलीकडे तो आधी शेवटचं पान उघडतो, जागांच्या जाहिरातींचं, आणि फ्रेमचा स्क्रू बघावा तसा डोळे बारीक करून एकेक ओळ बघतो.

“ही बघ,” परवा तो म्हणाला, “जुनं घर, मालक म्हातारे, स्टेशनच्या मागे. बघून यायचं का, नुसतं?”

“माझी ठेव संपली,” आतून सासूबाई ओरडल्या. “पण व्याज साठलंय!”

ताईंनी कप खाली ठेवला आणि चपला शोधायला लागल्या.